झाशीच्या सात राण्या आन आमची कंपोंडर वैनी

"ही आपली नाई वं!"

कंपोंडर वैनी स्टेजवर मधातच थांबली. एका हातात लाकडाची तलवार वर उचललेली, डोक्यावर चमकीचा टोप, पाठीवर पांढऱ्या दुपट्ट्यानं बांधलेलं लेकरू, आन इंग्रजाले जे काय ठणकावून सांगायचं होतं ते अर्धंच सांगून झालेलं. मी तिच्या मागं दासी होऊन उभी, हातात नव्या झाडूची चवरी. वैनीनं मान वळवली, माया तोंडाकडे पाह्यलं आन परत म्हणाली, पण आता हळू, "ही आपली चिमी नाई. हे वजन तिचं नाई." समोर सतरंजीवर बसलेल्या बायाइनं टाळ्याच पिटल्या. त्याइले वाटलं हे बी नाटकातलंच आहे. "काय काम करते वं कंपोंडरीन!" असं कोणी तरी म्हणलं बी. आन मी? माया हातातली चवरी खाली पडली. पाठीवरच्या गाठोड्यात केशरी फेटा होता, काजळाच्या मिशा होत्या, गालावर तीट होती, सारं जसंच्या तसं. पण त्या मिशांच्या वरचं नाक माया लेकीचं नव्हतं.

थांबा, मले श्वास घेऊ द्या. पण पयले तुमाले कंपोंडर वैनी कोण ते सांगावं लागन, नाई त तुमी बी माया सासूबाईसारखंच म्हणसान, का अशा बाईच्या हाती कोणी लेकरू देते काय.

वैनगंगेच्या या तीरावर आन त्या तीरावर कंपोंडर वैनीएवढी मोठी राणी कधी झाली नसन. राज्य म्हणाल त टिनाच्या छपराच्या दोन खोल्या, आमच्याच आवारात, आमच्या दारासमोर. प्रजा म्हणजे सरकारी दवाखान्यातले कंपोंडर भाऊजी, एकटेच. पण थाट पाहान त पाहातच राहान. पुढच्या खोलीले ती दिवाणखाना म्हणे, मागच्या खोलीले मुदपाकखाना. आवाराच्या कोपऱ्यात सगळ्यांचा एकच संडास होता, त्याले तिनं बालेकिल्ला नाव ठेवलं, आन सकाळी टमरेल घेऊन निघाली का मले सांगे, "बालेकिल्ला सर करून येतो वं, तवरिक दूध पाह्य." भाऊजी बिचारे दिवसभर लोकाइले लाल दवाई आन पांढरी गोळी देऊन थकून येत, सायकल चिचेच्या झाडाले टेकवत आन दारातूनच विचारत, "सरकार, आत येऊ का?" आतून आवाज येई, "या. हत्यार बाहेर ठेवा." हत्यार म्हणजे छत्री. चाळिशीले टेकलेली दोघं, मूल ना बाळ, पण त्याइच्या घरातून जेवढं हासणं ऐकू ये, तेवढं आमच्या भरल्या घरातून कधी आलं नाई.

बाजाराच्या दिवशी त पाहायलाच नको. आमी दोघी जाओ. मी पदर दातात धरून, घासाघीस करायले लाजून, आन वैनी अशी चाले जशी मागं पालखी येऊन राह्यली. वांगेवाल्यापुढं उभी राहे आन विचारे, "हा भाव दरबारात सांगून राह्यला काय तू?" वांगेवाला हिंदी बोलणारा, त्याले अर्धं समजे, अर्धं नाई. पण तो बी तिच्या संगतीनं बिघडलता. हात जोडून म्हणे, "महारानी साहब, जो देना है दे दो, बस फाँसी मत देना." मंग वैनी मोठ्या मनानं त्याले माफ करे, आन त्या माफीत दोन वांगे जास्त येत. मले म्हणे, "पाह्यलं? पैशानं भाजी आणते ते गिऱ्हाईक. मानानं आणते ते राज्य."

हे सारं तिच्या डोक्यात आलं कुठून, त वाण्याच्या पुड्यातून. तुमी हासान, पण खरं आहे. चौकातला वाणी गोंदियाहून रद्दी आणे. जुने पुस्तकं, फाटके, पावसानं फुगलेले, त्याचे पानं फाडून तो पुड्या बांधे. वैनी साखर डब्यात ओते आन पुडी हळूच उकलून, हातानं सपाट करून, खिडकीत बसून वाचे. मी चौथीपर्यंतच शिकली, माहं वाचणं बोटानं चालते. पण ती वाचे तवा मी कपडे धुणं सोडून ऐकत बसो. कोणत्या तरी किल्ल्याले वेढा पडे, दाणा संपे, राणी तटावर उभी राहे, आन पान खतम. पुढचं पान कोणाच्या घरी हळदीत गेलं असन, देव जाणे. एक खेप वैनी मले घेऊन दुकानात गेली आन म्हणे, "शेठ, मले डाळ नको. मले वेढ्याची पुढची पुडी पाह्यजे." वाणी बिचारा भल्ला सोज्वळ. सारी रद्दी धुंडाळून म्हणे, "बहनजी, वेढा तो कल गुड़ में चला गया."

मंग पुढचं वैनी सोताच करे. आन हे मी तुमाले सांगते ते ध्यानात ठेवा, तिच्या इतिहासात कोणी मरे नाई. राणीनं तटावरून उडी मारली का मी तोंडावर हात ठेवून विचारो, "मंग वैनी?" ती म्हणे, "मंग काय, खाली धानाच्या तणसाचा ढीग होता. कमरेले जरासा मार लागला. पुढं नातवंडं पाह्यली तिनं." गोळी लागली का बख्तराले लागे. विष दिलं का वैद्य दारातच उभा राहे. एक दिवस मी म्हणलं, "पण वैनी, आमचे मामसासरे त म्हणत होते का ती मेली म्हणून." वैनीनं माह्याकडे असं पाह्यलं का मीच मारलं त्या राणीले. "कोणत्या पुडीत आहे, दाखव," म्हणे. आता माया जवळ पुडी कुठून असन?

दुपारी आवारात ऊन पडे, राईस मिलातून कोंड्याची धूळ उडत ये, बारीक, सोन्यासारखी. त्या धुळीत बसून तिचं ते ऐकता ऐकता मले वाटे, आपण बालाघाटात नाई. आपण कोणत्या तरी गढीच्या सज्जात बसलो आहो, खाली नदी आहे, आन कोणाले काई होणार नाई. माह्यासारख्या भित्र्या बाईले तेवढंच पाह्यजे होतं.

भित्री म्हणजे कशी, तेही सांगते. चिमी झाली तवापासून माहा जीव थाऱ्यावर नाई. झोपली का मी तिच्या नाकापुढं बोट धरून पाहो. श्वास लागला बोटाले का मंग मी श्वास घेओ. सासूबाई म्हणत, "आमी बी लेकरं काढली वं, बोटं नाई लावत बसलो." मी कोणाच्याच हाती तिले देओ नाई, सासूबाईच्या हाती बी दिली त समोर उभी राहो. पण एक दिवस चिमी दोनपारपासून रडून राह्यली, पोट फुगलेलं, मी बी तिच्यासंगं रडून राह्यली, आन वैनी आली. विचारलं ना पुसलं, दुपट्टा घेतला, लेकरू पाठीवर टाकलं, छातीवर गाठ मारली आन चालायले लागली. चिचेच्या झाडाभोवती. "मंग काय झालं महाराणी," अशी चिमीशी बोलत. मी मागं मागं, दोन्ही हात पुढं पसरून, का पडली त झेलीन. असे किती फेरे झाले कोण जाणे. चिमीनं ढेकर देल्ली आन झोपली. तवापासून रोज दुपारी तेच. पुढं वैनी, तिच्या पाठीवर चिमी, मागं हात पसरून मी. आवारातल्या बाया म्हणत, "निघाली पाह्य वरात." पुढं पुढं मी हात पसरणं सोडलं. मंग मागं चालणं बी सोडलं. दारात बसून तांदूळ निवडो आन दोघीइले पाहो.

आता सोंगाचं ऐका. आमच्या इथल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष डॉक्टरीणबाई. त्या नागपूरले जाऊन आल्या आन तिथं त्याइनं पाह्यलं का बाया इतिहासातले कपडे घालून जमतात. झालं. संक्रांतीच्या हळदीकुंकाले त्याइनं सांगितलं, "यंदा तीळगूळ तसाच मिळणार नाही. प्रत्येकीनं इतिहासातल्या कोणाचं तरी सोंग घेऊन यायचं, दोन वाक्यं बोलायची, मग वाण." जागा शाळेतली, मोठी खोली, बाकं जोडून स्टेज. वेळ दुपारची, म्हणजे दिवे लागायच्या आत घरी.

कंपोंडर वैनीले जशी काई खरीच गादी मिळाली. ती झाशीची राणी होणार, हे ठरलेलंच. मले म्हणे, "चिमी माया पाठीवर. तू दासी. म्हणजे तू बी जवळच राहशील, तुले भेव नाई वाटणार." आमची गोदी, जिचा नवरा रेल्वेत पाइंटमन, ती शिपाई झाली, नवऱ्याचा खाकी कोट घालून. वैनी चिमीले घेऊन रोज तालीम करे. तलवार डाव्या हातात घेतली त लेकरू कुठं कलते, उजव्या हातात घेतली त कुठं कलते. एक दिवस मले म्हणे, "तुले सांगू, हिले उचकी लागली त माया पाठीले पयले समजते, मंग हिले."

पण बाप्पा, झालं काय, का अख्ख्या बालाघाटच्या बायाइच्या डोक्यात एकच राणी. एकीनं दुसरीले सांगितलं नाई, का ती चोरन. त्या दुपारी शाळेच्या दारात सायकलरिक्षे येत गेले, आन एकेक राणी उतरत गेली. सात! साताइच्या हातात तलवार, साताइले काष्टा, साताइच्या पाठीले लेकरू. ज्याइचे लेकरं मोठे झालते त्याइनं उधारीचे आणले. कोणी शेजारणीचं, कोणी जावेचं. आमच्या गल्लीत त त्या दिवशी सकाळपासून तान्ह्या लेकराची अशी टंचाई पडलती का एका बाईनं आपलं पोरगं दोन राण्याइले कबूल केलं, आन दोघी बी तिच्या दारात भांडल्या. डॉक्टरीणबाई सोता जिजाबाई झालत्या. त्या पायरीवर उभ्या राहून म्हणे, "अगं बायांनो, सात राण्या झाल्या, आता इंग्रज कोण होणार?" कोणीच तयार होईना. शेवटी एक खुर्ची ठेवली आन तिच्यावर डॉक्टरसाहेबाची हॅट. साती राण्याइनं त्या हॅटीले दम द्यायचा, असं ठरलं.

आन लेकराइचे फेटे? डॉक्टरीणबाईनं हौसेनं केशरी कपड्याचा एकच ठाण आणला, आन बँडवाल्या बुढ्याले बोलावलं, जो लगनात नवरदेवाले फेटे बांधते. त्यानं साती लेकराइले एकसारखे फेटे बांधले, काजळानं एकसारख्या मिशा काढल्या. लेकरं रडून रडून थकले आन झोपले. मंग मागच्या वर्गात सतरंजीवर सगळ्याइले ओळीनं निजवलं. किती गोड दिसत होते, सांगू. जसे सात सरदार लढाई जिंकून झोपले. मी चिमीच्या उशाशीच बसली होती, हलली नाई. पण बाहेरून आवाज आला, "वो दासी, पानी आण," आन दासीले जावं लागलं. मी परतली तवा आमचीच पाळी लागलती. गोदीनं घाईघाईत लेकरू उचलून वैनीच्या पाठीले बांधलं होतं. मी गाठ ओढून पाह्यली, घट्ट होती. चवरी घेतली आन मागं उभी राह्यली.

बाकी तुमाले ठाऊकच आहे. वैनी स्टेजवर गेली, खिडकीतून उतरतं ऊन येऊन राह्यलं होतं, तिचा टोप असा चमकला का बाया चूप झाल्या. ती हॅटीकडे पाहून बोलायले लागली, आन चार पावलं चालली, आन थांबली.

"हे वजन तिचं नाई."

मी मागच्या वर्गात पळाली. तिथं एकच गोंधळ. माहं ओरडणं ऐकून साऱ्या बाया धावल्या, ज्याच्या त्याच्या लेकराले पकडून पदराच्या टोकाले थुंकी लावून मिशा पुसून राह्यल्या. "हा माहा!" "अवं तो माहा, हा तुहा!" "माया जावेचा कोणता वं? मी त त्याले कालच पयल्यांदा पाह्यलं!" कोणी फेटे सोडले, कोणी लंगोट सोडले. लेकरं सारे एका सुरात रडायले लागले. एकेकीले आपलं आपलं मिळत गेलं. मले नाई मिळालं. वैनीच्या पाठीवरचा उरला आन माही चिमी नाई. मी तिथंच भिंतीले धरून खाली बसली. माह्या मनात एकच, का मी पानी आणायले काहून गेली, काहून गेली.

गोदीनं खाकी कोटाच्या बाह्या वर सारल्या आन म्हणे, "राण्या मोजा वं. सहाच आहेत. ती लामत्याची कुठं गेली?"

लामत्याची राणी म्हणजे एक पाव्हणी बाई, इथं बहिणीकडे आलती. तिचं काम सगळ्यात पयले घेतलं होतं, काहून का तिले संध्याकाळच्या गाडीनं लामत्याले जायचं होतं. लेकरू तिचं नव्हतं, नणदेचं. काम झाल्यावर तिनं ते परत ओळीत निजवलं, आन मी पानी आणायले गेली तवा गाडीच्या घाईत समोरचं लेकरू उचललं आन गेली. उधारीचं लेकरू, झोपलेलं, फेट्यासकट. तिले काय समजणार?

"गाडी सुटली असन," मी म्हणलं. "सुटली असन वं गोदे."

"छोट्या लाइनची गाडी आहे, येळेवर अशी कशी सुटते," गोदी म्हणाली, पण तिचं तोंड पांढरं पडलतं.

वैनीनं मले दंडाले धरून उठवलं. टोप तसाच, तलवार तशीच, पाठीवर ते पराये पोरगं तसंच. रस्त्यावर रिक्षेवाला बिडी पिऊन राह्यलता. आमाले पाहून त्याची बिडीच पडली. "कहाँ जाना है?" त वैनी म्हणे, "टेसन. और साइकिल मत समझ, घोड़ा समझ!" त्यानं बी असं हाणलं का विचारू नका. मी वैनीच्या हाताले धरून बसली आन ती काईच बोलेना. जी बाई भाजी चिरताना बी बोले, ती बोलेना. तवा मले समजलं का तिले बी भेव वाटून राह्यलं.

फलाटावर इंजिन शिट्टी देऊन राह्यलं होतं. गार्डसाहेबाच्या हातात हिरवी झंडी. वैनी तशीच धावत गेली, त्याच्यापुढं उभी राह्यली आन तलवार आडवी धरली. डब्यातले लोकं खिडकीतून बाहेर लटकले. गार्ड बिचारा उमरदार माणूस, चष्मा वर करून म्हणे, "ये क्या है, बाई?"

वैनी म्हणे, "इस गाड़ी में हमारी राजकन्या है. जब तक मिलती नहीं, झंडी नीचे!"

आन तुमाले खोटं वाटन, पण गार्डानं झंडी खाली केली. इंजिन बी चूप झालं. जशी काई साऱ्या टेसनानं ती राणी असल्याची गोष्ट मानून घेतली. ऊन लाल झालतं, वाफ निघून राह्यली होती, आन त्या वाफेतून ती काष्टा घातलेली बाई एकेका डब्यात वाकून पाहून राह्यली. ते मले आज बी सपनात दिसते. सपनात ती कधी थकत नाई.

जनानी डब्यात लामत्याची राणी बसलती, टोप बाजूले काढून, चणे खात. "काय झालं वं?" म्हणे. मी तिच्या मांडीवरचं गाठोडं ओढलं. ती ओरडली, "अवं, माया नणदेचा आहे तो!" वैनीनं फेटा सोडला, लंगोट बाजूले केला आन म्हणे, "तुह्या नणदेले पोरगी आहे काय?" बाई लंगोटात पाहातच राह्यली. "माय वं! तिले त पोरगा आहे!" सारा डबा हासला. तेवढ्यात त्या पोरानं वैनीच्या पाठीवर जाग येऊन अशी धार सोडली का शालू पाठीपासून टाचेपर्यंत भिजला.

ते पोरगं बाईच्या मांडीवर गेलं, चिमी माया हातात आली. मी तिच्या नाकाशी बोट धरलं, मंग फलाटावरच फतकल मारून बसली आन तिले छातीशी घेऊन ढसढसा रडली. किती वेळ, नाई माहीत. गाडी गेली, गार्डानं खिडकीतून हात हालवला. मी वर पाह्यलं त वैनी जराशी दूर उभी होती. रिकामा दुपट्टा छातीवरून लोंबत होता, ओला. हात कुठं ठेवावे ते तिले समजत नव्हतं. "मिळाली ना," एवढंच म्हणाली. मी चिमीच्या काजळाच्या मिशा पुसत राह्यली.

घरी सासूबाईनं ऐकलं आन देवापुढं दिवा लावून सांगितलं, "आजपासून लेकरू त्या येडीच्या हाती नाई. खेळ झाला काय लेकराचा? गाडी गेली असती त?" त्याइचं बी काय चुकलं, त्या आजी आहेत. आमचे हे बी मान हालवून बसले. मी सांगून पाह्यलं का गाठ गोदीनं मारली, पानी आणायले मी गेली, आन वैनीनंच ओळखलं. सासूबाई म्हणे, "ओळखलं म्हणून काय झालं? सोंगं काढली नसती त ओळखायची पाळीच आली नसती."

वैनी आलीच नाई मागायले. दुपारी दारात ये, ताकाची वाटी ठेवे, उंबरठ्याच्या बाहेर उभी राहून विचारे, "बरी आहे ना?" आन जाये. हात पाठीमागं बांधून. हळूहळू बालेकिल्ला संडास झाला. वांगेवाल्यानं मागितला तेवढा भाव तिनं दिला, त तो मले विचारे, "महारानी की तबीयत खराब है क्या?" पुड्या ती आता उकलेना, चुलीत टाके. एका संध्याकाळी भाऊजी सायकल टेकवून माया दारापाशी थांबले, टोपी काढली, घातली, आन म्हणाले, "सरकारनं राज्य सोडलं." मंग घरात गेले. त्या घरातून हासणं नाई आलं त्या दिवशी. मंग कधीच नाई.

उन्हाळा लागता लागता भाऊजीची बदली झाली, बिरस्याच्या दवाखान्यात. तिकडं जंगल, बस दिवसातून कधी जाते, कधी जात नाई. सामान बांधायले लागले. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी वैनी दारात आली. साधं लुगडं, डोक्यावर पदर. ताकाची वाटी नव्हती. म्हणे, "एक मागू काय वं तुले?" मी म्हणलं, "मागा ना वैनी." ती चिमीकडे पाहात राह्यली. चिमी आता बसायले लागलती, तिच्याकडे पाहून दोन्ही हात हालवून राह्यली. वैनी म्हणे, "नाई, जाऊ दे," आन वळली.

आत सासूबाई झोपल्या होत्या, त्याइचं घोरणं ऐकू येऊन राह्यलं होतं. लेकराले काई झालं त, हे बी मनात आलं. गाडी, नदी, ऊन, सारं आलं. भेव काई मले सोडून गेलं नव्हतं, तुमाले खोटं काहून सांगू. पण माहे पाय उठले. मी चिमीले कडेवर घेतलं, दुपट्टा घेतला, आवार ओलांडलं आन वैनीच्या खोलीत गेली. ती बांधलेल्या पेटीवर बसलती, भिंतीकडे तोंड करून. मी तिच्या खांद्याले धरून उभं केलं, पाठमोरं केलं. चिमीले तिच्या पाठीवर ठेवलं, दुपट्टा टाकला आन गाठ मी मारली. मीच मारली.

वैनी हललीच नाई. "सासूबाई?" म्हणे.

"झोपल्या आहेत."

"तू येशील ना मागं?"

"नाई. तुमी दोघीच जा, घाटापर्यंत. दिवे लागायच्या आत आणा."

ती वळली नाई. तिचं तोंड मले दिसलंच नाई. पण पाठ दिसली, ती हळूहळू सरळ झाली, मान वर झाली, आन ती बाहेर पडली. आवाराच्या फाटकातून, गल्लीतून, नदीच्या वाटेनं. मिलातून धूळ उडून राह्यली होती, सोन्यासारखी, आन त्या धुळीत त्या दोघी जाऊन राह्यल्या होत्या. लांबून बोलणं ऐकू येऊन राह्यलं होतं, पुसट, कोणत्या तरी किल्ल्याचं, कोणत्या तरी राणीचं. त्यातलं बी कोणी मरणार नाई, हे मले माहीत होतं. मी दारात उभी राहून पाहात राह्यली, दिसत होत्या तवरिक, आन मंग बी पाहात राह्यली.

मागून घोरणं थांबलं. खाट करकरली. सासूबाईनं आवाज दिला, "काय वं, पोरगी कुठं आहे?"

आता तुमीच सांगा माय, तुमी माया जागी असत्या, त काय केलं असतं?